वादळाची वर्दी

हवामानाची वार्ता बहुतेक घरांत अर्ध्या कानानें ऐकली जाते. वाळत घातलेले कपडे आंत आणावेत कीं नाहींत, बाहेर पडतांना छत्री घ्यावी कीं नाहीं, एवढ्यापुरतेंच तिचें प्रयोजन आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु कांहीं वर्षांतून एखादा दिवस असा उगवतो कीं, त्या वार्तेतील दोन वाक्यांवर कितीएक कुटुंबांचें जीवित अवलंबून राहतें. अशा दिवशीं वार्ता अचूक असून भागत नाहीं. ऐकणाराला ती स्वतःच्या घराविषयींची वाटली पाहिजे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २०१२ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस आलेल्या 'सँडी' नांवाच्या वादळानें ही गोष्ट फार मोठी किंमत घेऊन शिकविली.

हें वादळ २२ ऑक्टोबर रोजीं कॅरिबियन समुद्रांत जन्मलें. २४ तारखेस जमेका व २५ तारखेस क्यूबा या बेटांना तडाखा देऊन तें उत्तरेकडे निघालें. त्या ऋतूंत तेथवर येणारीं बहुतेक चक्रीवादळें ईशान्येकडे वळून अटलांटिक महासागरावर विरून जातात. सँडीची वाट मात्र अडलेली होती. ग्रीनलंडच्या बाजूस अधिक वायुभाराच्या हवेचा जणूं बांधच पडला होता, आणि पश्चिमेकडून थंड हवेचा एक मोठा लोट अमेरिका खंडावरून पूर्वेस सरकत होता. या दोहोंच्या कैचींत सांपडलेलें वादळ डावीकडे, म्हणजे थेट किनाऱ्याच्या दिशेनें वळलें, आणि २९ ऑक्टोबर रोजीं सायंकाळीं साडेसातच्या सुमारास न्यू जर्सी संस्थानांतील ब्रिगंटाइन या गांवाजवळ जमिनीवर आलें. त्या वेळीं त्याच्या केंद्रांतील वायुभार ९४५ मिलिबार व वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें ८० मैल होता. याहून वेगवान वादळें पुष्कळ होऊन गेलीं आहेत; परंतु याचा विस्तार असामान्य होता. त्याच्या सोसाट्याच्या वाऱ्यांच्या टापूचा व्यास हजार मैलांच्या घरांत गेला होता. हें विलक्षण वळण शास्त्रज्ञांना अनपेक्षित नव्हतें. युरोपांतील मध्यम मुदतीच्या हवामान-अंदाजाच्या केंद्राचीं गणितें तें सुमारें एक आठवडा अगोदरच दाखवूं लागलीं होतीं.

एकच वादळ, परंतु तें निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या रूपांनीं आलें. किनाऱ्यावर तें पाण्याच्या रूपानें आलें. २९ ऑक्टोबरला पौर्णिमा होती. उधाणाची भरती अगोदरच चढत होती, आणि तिच्यांत वाऱ्यानें लोटलेल्या समुद्राची भर पडली. न्यू जर्सी व लाँग आयलंड यांचे किनारे न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशीं जवळजवळ काटकोनांत मिळतात. पूर्वेकडून रेटलेलें पाणी त्या कोपऱ्यांत तुंबलें. मॅनहटनच्या दक्षिण टोंकाला बॅटरी येथें जें भरतीमापक यंत्र आहे, त्यावर पाणी ओहोटीच्या सरासरी पातळीपासून १४ फुटांवर चढलें. १९६० सालच्या 'डोना' वादळांत तेथेंच १० फुटांची नोंद झालेली होती. भुयारी आगगाडीचे मार्ग, मोटारींचे बोगदे, इस्पितळांचीं व घरांचीं तळघरें पाण्यानें भरलीं. ब्रीझी पॉइंट या वस्तींत तर भर पुरांत आग लागून शंभरांहून अधिक घरें जळाली. न्यूयॉर्कचा शेअर-बाजार लागोपाठ दोन दिवस बंद राहिला. हवामानामुळें असें होण्याचा प्रसंग १८८८ सालच्या हिमवादळानंतर प्रथमच आला.

किनाऱ्यापासून आंत तें वाऱ्याच्या रूपानें आलें. झाडें उन्मळून विजेच्या तारांवर पडलीं, आणि सुमारें ८५ लाख ग्राहकांचा वीजपुरवठा बंद झाला. आणखी पश्चिमेस, ॲपलेशियन पर्वतांत, तेंच वादळ हिमाच्या रूपानें उतरलें. महासागरावरून आलेली दमट हवा पश्चिमेकडील थंड हवेवर चढली, पर्वतामुळें आणखी उंच उचलली गेली, आणि तिच्यांतील पाण्याचें हिम झालें. वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील रिचवुड या गांवीं ३६ इंच बर्फ पडलें. ऑक्टोबरांतील बर्फ हें भर हिवाळ्यांतील बर्फाहून कमी थंड असलें, तरी अधिक घातक ठरूं शकतें. तें ओलें व जड असतें, आणि पानगळ पुरी न झाल्यामुळें झाडांच्या प्रत्येक पानावर तें साठतें. त्या भारानें फांद्या मोडतात, तारा तुटतात, रस्ते अडतात. कित्येक ठिकाणीं घरांचीं छपरेंहि बसलीं.

या तिन्ही आपत्तींची सूचना लोकांना मिळाली नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. अडचण निराळीच होती. चक्रीवादळ हें उष्ण समुद्राच्या ऊष्म्यावर पोसलें जातें. तें उत्तरेस येऊन थंड हवेंत मिसळलें म्हणजे त्याची अंतर्रचना पालटते, आणि शास्त्राच्या परिभाषेंत तें मूळच्या जातीचें राहत नाहीं. सँडी किनाऱ्याला लागण्यापूर्वींच हा पालट होणार, असें मायामी येथील राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचें अनुमान होतें. आणि तें खरें ठरलें. त्या वेळच्या नियमांप्रमाणें अशा वादळासाठीं 'चक्रीवादळाचा इषारा' द्यावयाचा नसे. वादळ ऐन भरांत असतां इषाऱ्याचें नांव बदलावें लागलें तर गोंधळ वाढेल, अशीहि कचेऱ्यांना भीति होती. म्हणून नॉर्थ कॅरोलायनाच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर तो इषारा दिला गेला नाहीं. त्याऐवजीं स्थानिक हवामान-कचेऱ्यांनीं आपापल्या हद्दीपुरते जोराच्या वाऱ्याचे, किनाऱ्यावरील पुराचे व हिमवादळाचे इषारे काढले. शास्त्राच्या दृष्टीनें यांत दोष नव्हता. परंतु सामान्य गृहस्थाच्या कानाला 'चक्रीवादळ' या शब्दाची जी दहशत परिचित होती, ती 'किनाऱ्यावरील पूर' या शब्दांत नव्हती. संकट तेंच होतें. त्याचें नांव मात्र सौम्य झालें.

त्यांत आदल्या वर्षाची आठवण आड आली. २०११ सालच्या ऑगस्टमध्यें 'आयरीन' नांवाचें वादळ आलें असतां न्यूयॉर्कच्या सखल भागांतून लोकांना हलविण्यांत आलें होतें. वादळ शहरांत पोंचेपर्यंत दुबळें झालें, आणि घरें सोडून गेलेले लोक परत येऊन पाहतात तों बहुतेकांचें कांहींच बिघडलेलें नव्हतें. एकदां विनाकारण त्रास झाला, ही भावना पुढील वर्षीं पुष्कळांच्या मनांत घर करून होती. खुद्द २०१२ सालींहि २७ ऑक्टोबरच्या सायंकाळपर्यंत न्यूयॉर्कच्या महापौरांनीं सखल भाग सोडण्याची सर्वांना आज्ञा केलेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशीं, २८ तारखेस निघाली. सुमारें पावणेचार लाख लोकांना ती लागू होती. त्यांतील फार मोठी संख्या जागची हालली नाहीं.

याच २८ तारखेस न्यू जर्सींतील माउंट हॉली येथील हवामान-कचेरीनें काढलेलें एक माहितीपत्रक संस्मरणीय आहे. कचेरीच्या प्रमुखांनीं सरकारी कागदांतील नेहमींची कोरडी भाषा बाजूस ठेविली. घर सोडण्यास कां कूं करणाऱ्यांनीं आपल्या जिवलगांचा विचार करावा, सुटकेसाठीं जीव धोक्यांत घालणाऱ्या पथकांचा विचार करावा, आणि इतकेंहि करून सारा इषारा अतिशयोक्तीचा वाटत असेल तर सध्यां सुरक्षित स्थळीं जावें व वादळ ओसरल्यावर आपणांस टेलिफोन करून हवे तेवढे बोल लावावेत, असें त्यांनीं लिहिलें. वेगाचे व वायुभाराचे आंकडे त्या पत्रकांतहि होते. पण तें जें लोकांच्या ध्यानांत राहिलें, तें या वाक्यांमुळें. एका जबाबदार माणसानें दुसऱ्या माणसाशीं बोलावें तसें तें बोलणें होतें.

अमेरिकेंत या वादळानें प्रत्यक्ष ७२ माणसें दगावलीं. कॅरिबियन बेटांतील बळी याहून निराळे. त्या ७२ पैकीं ४१ जण समुद्राच्या पाण्यानें गेले, व २० जण झाडें कोसळून. ज्या पाण्याचें भाकीत झालेलें होतें, त्याच पाण्यानें निम्म्याहून अधिक बळी घेतले, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आणि वादळ सरल्यावरहि संकट सरलें नव्हतें. अप्रत्यक्ष कारणांनीं आणखी ८७ माणसें मेलीं. त्यांतील सुमारें ५० मृत्यु वीज दीर्घकाळ बंद राहिल्यानें झाले: कोणी थंडीनें गारठून, कोणी वृद्ध अंधारांत पडून, तर कोणी घरांत लावलेल्या जनित्राच्या किंवा शेगडीच्या विषारी धुरानें. अशा अंधाऱ्या, गारठलेल्या घरांवरच ७ नोव्हेंबर रोजीं दुसरें एक वादळ आलें, आणि न्यूयॉर्क शहरांत चार इंचांहून अधिक बर्फ पडलें.

या अनुभवानंतर जे फेरफार झाले, ते यंत्रांपेक्षां भाषेचे अधिक होते. २०१३ सालीं नियम बदलून, वादळाची अंतर्रचना पालटली तरी धोका कायम असेपर्यंत चक्रीवादळाचाच इषारा चालू ठेवण्याची मुभा केंद्राला देण्यांत आली. त्याच वर्षीं न्यूयॉर्क शहरानें सखल भागांची नवी आंखणी करून त्यांचे १ ते ६ असे क्रमांक पाडले, म्हणजे प्रत्येक घराला आपला क्रमांक अगोदरच ठाऊक असावा. २०१४ पासून समुद्राचें पाणी कोठें व किती चढूं शकेल याचे नकाशे वादळापूर्वीं प्रसिद्ध होऊं लागले, व २०१७ सालापासून वादळी भरतीचा स्वतंत्र इषारा रूढ झाला. नकाशांतील पाण्याची उंची जमिनीपासून मोजलेली असते. हा फरक लहान दिसला तरी फार महत्त्वाचा आहे. भरतीमापकावरील १४ फूट म्हणजे रस्त्यावरील १४ फूट नव्हेत. स्टेटन आयलंड व मॅनहटन येथें जमिनीवर चढलेलें पाणी ठिकठिकाणीं ४ ते ९ फूट होतें. गृहिणीला ओहोटीची सरासरी पातळी ठाऊक नसते. पाणी आपल्या दाराच्या कडीपर्यंत येईल कीं छतापर्यंत, हें मात्र तिला तत्काळ कळतें.

मुंबईकरांना या गोष्टीची साक्ष दूर शोधावयास नको. २००५ सालच्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस सुरू झालेल्या पावसांत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच शहरांत कुलाब्याच्या वेधशाळेंत फक्त ७३ मिलिमीटर. 'मुंबईत पाऊस पडत आहे' हें वाक्य त्या दिवशीं दोन्ही ठिकाणीं खरें होतें, आणि म्हणूनच तें दोन्ही ठिकाणीं निरुपयोगी होतें. कुलाब्याच्या कचेरींत बसलेल्या माणसाला उपनगरांतील आपल्या घराभोंवतीं काय चाललें आहे याची त्या वाक्यावरून कल्पना येणें शक्यच नव्हतें.

याच किनाऱ्यावरील कोळी बांधवांकडे मात्र चांगल्या इषाऱ्याचा नमुना फार दिवसांपासून आहे. १८५९ सालीं वेल्सच्या किनाऱ्याजवळ 'रॉयल चार्टर' हें जहाज वादळांत फुटून शेंकडों माणसें बुडालीं. त्यानंतर ॲडमिरल फिट्झरॉय यांनीं १८६१ मध्यें तारायंत्राच्या साह्यानें बंदरोबंदरीं धोक्याच्या खुणा चढविण्याची पद्धति सुरू केली. भारतीय बंदरांतील १ ते ११ क्रमांकांच्या खुणा त्याच परंपरेंतील आहेत. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे होडी पाण्यांत घालावयाची नाहीं, एवढें पोरासोरांनाहि समजतें. तो बावटा त्याच बंदराविषयीं बोलतो, धोका येण्यापूर्वीं बोलतो, आणि तो पाहिल्यावर काय करावयाचें हें कोणाला विचारावें लागत नाहीं.

शहरांतील घराला असा बावटा नसतो. त्याची उणीव स्थानिक वार्तेनें भरून काढावयाची असते. संकट कोणत्या भागावर आहे, तें किती वाजतां येईल, पाणी जमिनीपासून किती चढेल, आणि तोंपर्यंत कोणीं कोठें जावें, या चार गोष्टी जिच्यांत आहेत ती वार्ता पूर्ण. परंतु तिच्या उपयोगासाठीं ऐकणाऱ्याचीहि कांहीं तयारी लागते. आपलें घर सखल आहे कीं उंच, जवळचा नाला कोणता, भरतीच्या वेळीं त्याचें पाणी कोठवर येतें, वरच्या मजल्यावर कोणाकडे जातां येईल, शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला कोण हात देईल, हें कोरड्या दिवसांतच ठरवावें लागतें. घरांत बॅटरीवर चालणारा एक रेडिओ, एक विजेरी आणि प्यावयाच्या पाण्याचा सांठा असावा. आणि एखाद्या वर्षीं इषारा फुकट गेला, तर त्याबद्दल कोणीं हळहळूं नये. न्यूयॉर्कांत आयरीनच्या वेळीं जीं घरें रिकामीं होतीं त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं. सँडीच्या वेळीं जीं रिकामीं व्हावयास हवीं होतीं त्यांतील कित्येकांत माणसें होतीं.