बाळ फार शांत आहे म्हणून



मधुमेह आणि पीसीओएस यांवर आज दिवसभर उत्तम चर्चा झाली. मी फक्त थायरॉईडबद्दल बोलणार आहे.

१९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवून दिलं, की आतड्यातून रक्तात मिसळलेला एक स्राव मज्जातंतूंच्या मदतीशिवाय स्वादुपिंडाला कामाला लावतो. संप्रेरकांचं शास्त्र तिथून उभं राहिलं. थायरॉईड ग्रंथीचा कारभारही रक्तातूनच चालतो. तिचं संप्रेरक कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी थायरॉईडला चालना देणारं टीएसएच हे संप्रेरक वाढवते, पुरेसं झालं की हात आखडता घेते. म्हणून बहुतेक रुग्णांत टीएसएच वाढलेलं दिसलं तर थायरॉईड कमी पडते आहे असं समजायचं. रिपोर्ट हातात घेतलेला रुग्ण मात्र नेमकं उलटं समजतो, आणि ‘थायरॉईड वाढलाय’ म्हणत आपल्यासमोर बसतो. त्याला हे समजावण्यात गेलेली दोन मिनिटं वाया जात नाहीत. थायरॉईडची गोळी मधेच बंद करणारे काही रुग्ण याच गैरसमजातून ती बंद करतात.

संप्रेरकासाठी लागणारं आयोडीनच नसेल तर टीएसएचने कितीही रेटलं तरी ग्रंथी नुसती फुगत जाते. तोच गलगंड. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, एका भागाला साधं. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड स्पष्ट कमी झाला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. भारतीय वैद्यकातल्या या कामाचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण नुसत्या मिठाने सगळ्या बाळांची थायरॉईड सुधारत नाही. काहींची ग्रंथी जन्मतःच नसते, अपुरी असते किंवा संप्रेरक बनवू शकत नाही. आईच्या संप्रेरकाचा थोडा आधार मिळालेला असल्याने असं बाळ जन्मताना अगदी नॉर्मल दिसतं. पुढे कावीळ लांबते, शौचाला कडक होतं, रडणं घोगरं येतं, दूध पिता पिता झोप लागते. घरात आजी कौतुकाने म्हणते, “किती शांत बाळ आहे गं, त्रास म्हणून देत नाही!” तोवर मेंदूच्या वाढीचे मोलाचे आठवडे निघून गेलेले असतात आणि नंतर दिलेल्या औषधाने ते भरून येत नाहीत.

हे वेळीच ओळखण्याची तपासणी अगदी साधी आहे. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाच कोमट करायची, तिच्या कडेला टोचायचं, रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवरच्या वर्तुळांत भरू द्यायचे, कागद सावलीत वाळवायचा. निदान पक्कं झालं की थायरॉक्सिनची गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधातून द्यायची. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर बहुतेक मुलं चारचौघांसारखी शिकतात. तिसऱ्या दिवसाच्या आत आईला घरी सोडण्याच्या घाईत ही तपासणी राहून जाते, याचं मला वाईट वाटतं.

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. प्रत्येक प्रसूतिगृहाने डिस्चार्ज कार्डावर नवजात थायरॉईड तपासणीची तारीख आणि निकाल यांसाठी एक रकाना छापून घ्यावा. आणि तो रकाना रिकामा दिसला, तर त्या घरी त्याच दिवशी फोन करावा.