लोणारला गेलात तर खाली उतरा

गटाची सहल निघाली की आधी सिंदखेड राजाला जिजाऊंचं जन्मस्थान, मग लोणार. तिथं काठावरून एक फोटो, आणि लगेच ‘चला, गाडी सुटते’. एवढ्यासाठी का पदरमोड करायची?

सकाळी लवकर पोचा आणि खाली उतरा. अभयारण्य आहे, वनखात्याच्या वेळा आधी विचारून घ्या. उल्का आदळून काळ्या खडकात पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. उतरणं सोपं, चढताना दम लागतो. पायात बूट आणि जवळ पाणी हवंच. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहावं. विष्णूनं लवणासुराला मारल्याची गोष्ट तिथलीच.

खाली दाट झाडी, मोर, आणि पाण्याकाठी कमळजा देवी. आपण तिची ओटी भरतो आणि प्लॅस्टिकची पिशवी तिथंच टाकून येतो! हे पाणी खारं आहे, त्यातले जीवही वेगळे. २०२० च्या जूनमध्ये पाणी आटलं, खारेपणा वाढला, तसे ते सूक्ष्मजीव वाढले आणि सरोवर गुलाबी झालं. त्याच वर्षी त्याला रामसर दर्जा मिळाला. इतकं नाजूक आहे ते. म्हणून धारेवर साबण नको, ओटी कापडी पिशवीत न्या. अशा पिशव्या आपले गटच शिवू शकतात. आणि जेवण वर आल्यावरच. भाकरी-ठेचा गावातल्या बायांकडून घ्या, चार पैसे त्यांच्याही हाती पडतील.