उत्तरे पुष्कळ, प्रश्न कुणाचा?

(आमच्या गटाच्या वार्षिक अभ्यास-शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी आजच्या सत्राला विषय दिला आहे : 'शिक्षण, राजकारण, तंत्रज्ञान आणि संस्कृती – एक तात्त्विक चर्चा'. फळ्यावर हे वाचल्यावर मागच्या रांगेतल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. 'तात्त्विक' म्हटले की आपल्याला वाटते, हे आपले काम नव्हे. ते प्राध्यापकांचे, कीर्तनकारांचे, फार तर पेन्शनर मंडळींचे. आपण चळवळीतल्या बाया. आपल्याला रेशन, पाणी, मारहाणीच्या केसेस आणि पोटगीचे अर्ज पुरेसे आहेत.

पण तत्त्वचिंतन म्हणजे तरी काय? जे सगळे गृहीत धरतात त्याला 'असे का?' म्हणून विचारणे. नवरा मारतो तेव्हा बाई पहिल्यांदा विचारते, 'माझे काय चुकले?' काही वर्षांनी तीच बाई विचारते, 'चुकले तरी मारायचा अधिकार याला कुणी दिला?' पहिल्या प्रश्नापासून दुसऱ्या प्रश्नापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच तत्त्वचिंतन. तो तुम्ही सगळ्यांनी केलेला आहे, म्हणून तर तुम्ही इथे बसला आहात.

बृहदारण्यक उपनिषदातली गार्गीची गोष्ट आपल्याला शाळेत अभिमानाने सांगतात. जनकाच्या सभेत ती याज्ञवल्क्याला विचारत जाते : हे सगळे कशावर विणलेले आहे, आणि ते कशावर? शेवटी याज्ञवल्क्य तिला बजावतो की फार विचारू नकोस, डोके गळून पडेल. गार्गी गप्प होते. शाळेतली गोष्ट बहुधा इथेच संपते. पण उपनिषदात पुढे गार्गी पुन्हा उभी राहते आणि आणखी दोन प्रश्न विचारते. धमकी मिळाल्यानंतर पुन्हा उभे राहणे, हा तिचा खरा वारसा.

तिच्याहून आपल्याला जवळची आहे मुक्ता साळवे. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मातंग समाजातली विद्यार्थिनी. १८५५ साली 'ज्ञानोदया'त तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. वेद ब्राह्मणांचे, आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असे ती त्यात विचारते. पुण्यात मुलींची शाळा निघून तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. सात वर्षांत शाळेने काय साधले? एका मुलीला असा प्रश्न विचारता आला, ज्याचे उत्तर तिच्या काळातल्या कुठल्याही शास्त्र्याजवळ नव्हते. शिक्षणाचा निकाल लावायचा तर तो असा लावावा.

आजच्या शाळेला ही कसोटी लावून पाहा. दहावी-बारावीचा निकाल लागला की 'यंदाही मुलींचीच बाजी' हा मथळा ठरलेला. आनंदाचीच गोष्ट आहे. पण परीक्षेत प्रश्न कोण काढते? बोर्ड काढते. मुलगी उत्तर लिहिते. दहा-बारा वर्षे तिला हेच शिकवले जाते की प्रश्न दुसऱ्याने काढायचा आणि आपण सुवाच्य अक्षरात उत्तर लिहायचे. पुढे सासरी, नोकरीत, पंचायतीत तिच्याकडून हीच अपेक्षा असते. आपल्याकडे मुलींच्या शिक्षणाचा वाद नुसता 'शिकवावे की नाही' एवढाच नव्हता. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली, तेव्हा 'केसरी'तून झडलेला वाद 'काय शिकवावे' याचा होता. इंग्रजी, गणित कशाला, संसाराला उपयोगी पडेल तेवढे पुरे, हा त्यातला सूर. मुलींच्या हाती पुस्तक द्यायला एकवेळ लोक तयार होतात, प्रश्नपत्रिका काढायचा हक्क द्यायला होत नाहीत.

आता तंत्रज्ञानाकडे येऊ. तंत्रज्ञान तटस्थ असते, वापरणारा चांगला-वाईट, असे आपण नेहमी ऐकतो. आपल्या चळवळीने याचा एक धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. गर्भजलपरीक्षा आपल्याकडे सत्तरीच्या दशकात आली ती गर्भातले दोष शोधण्यासाठी. थोड्याच दिवसांत तिला एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : मुलगा की मुलगी? १९७८ साली सरकारी दवाखान्यांत लिंगनिदानाला बंदी झाली, आणि खाजगी दवाखान्यांना रान मोकळे मिळाले. आज थोडे पैसे खर्च करा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागल्या. मागोमाग सोनोग्राफी आली. यंत्राने उत्तर दिले, आणि पुष्कळदा बरोबर दिले. प्रश्नच अमानुष होता. बरोबर उत्तराने तो माणुसकीचा झाला नाही, उलट जीवघेणा झाला.

१९८६ साली मुंबईत स्त्री-संघटना, डॉक्टर, वकील आणि विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते एकत्र आले. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्रात कायदा झाला, देशातला असा पहिला. केंद्राचा कायदा १९९४ सालचा. तो कागदावरच राहतो आहे म्हणून २००० साली सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ साली कायदा अधिक कडक झाला. तरीही शून्य ते सहा वयोगटातले आकडे पाहा. महाराष्ट्रात हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. २००१ साली कोल्हापूर जिल्ह्यात तर अवघ्या ८३९ होत्या. कोल्हापूर म्हणजे ऊस, साखर कारखाने, पाटाचे पाणी आणि शिक्षणसंस्था. आणि शाहू महाराजांचा वारसा. म्हणजे पैसा, शिक्षण आणि यंत्र ही तिन्ही असूनही जुनाच प्रश्न नव्या साधनांनी विचारला गेला. शिक्षण वाढले की विचार आपोआप बदलतात, ही आपली भाबडी समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

घरातल्या यंत्रांचेही थोडे पाहू. मिक्सर आला, गॅस आला, कुठे कुठे कपडे धुण्याचे यंत्र आले. हे सगळे हवेच होते. चुलीचा धूर ज्यांना खावा लागत नाही त्यांनीच चुलीच्या चवीचे गोडवे गावेत. पण सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटे गेली, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. पाच वर्षांपूर्वीच्या, २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची दहा मिनिटे कमी झाली, पुरुषांची नऊ. यंत्राने कामाचा घाम कमी केला, काम कुणाचे हे ठरवले नाही. ते ठरवणे यंत्राच्या हाती नाही, आपल्या हाती आहे. राजकारण इथून सुरू होते.

राजकारण म्हटले की आपल्यासमोर मंच आणि झेंडे येतात. पण १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या झाल्या. 'सरपंचपती' हा शब्द तुम्हा सर्वांना माहीत आहे. बाई सही करते, नवरा बोलतो. पण हाच काळ दुसराही अनुभव देतो. बाई खुर्चीवर टिकली की हळूहळू विषयपत्रिका बदलते. सभागृहाच्या कमानीआधी पाण्याची टाकी येते, शौचालय येते, दारूचे दुकान येते. विषयपत्रिका म्हणजे गावाची प्रश्नपत्रिकाच. ती कोण काढते, त्यावर सत्ता कुणाची ते कळते. आपल्या राज्याच्या कायद्यात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. किती गावांत ती खरोखर भरते, आणि किती ठिकाणी वहीवर अंगठे घेऊन भरल्याचे दाखवतात, हे तुम्ही मला सांगायचे आहे.

आणि संस्कृती? ती सणावारात, नऊवारीत आणि हळदीकुंकवात असते असे मानायची आपल्याला सवय आहे. मी जात्याविषयी बोलणार आहे. पहाटे दोघी समोरासमोर बसून दळायच्या आणि ओव्या गायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या सोबतीने या ओव्या गोळा केल्या. तो साठा एक लाखाच्या वर गेला. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे. तसाच सासुरवास आहे, बाईच्या जन्माला लावलेला बोल आहे, बाबासाहेब आहेत. ज्यांना कुणी पाटीवर अक्षर गिरवू दिले नाही, त्यांनी एवढा विचार करून ठेवला होता. मग गावात पिठाची गिरणी आली. दळणाचे कष्ट गेले, फार चांगले झाले. कुणीही जाते परत मागणार नाही. पण जात्याबरोबर दोघींनी समोरासमोर बसायची ती जागाही गेली. कष्ट वाचले, पण वाचलेल्या वेळात आपण कुठे बसून बोलायचे, याची सोय कुणी केली नाही.

आज सांगतात की ती सोय मोबाईलने केली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा फोन होता, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के होत्या, तर पुरुष ५७ टक्के. पुढे आकडे वाढले असतील, वाढावेतच. पण हातात फोन असणे आणि तो सासूने किंवा नवऱ्याने तपासला जाणार नाही याची खात्री असणे, यात अंतर आहे.

त्यातच आता नवे यंत्र आले आहे. प्रश्न टाकला की ते मराठीतसुद्धा पानभर उत्तर लिहून देते. अर्ज लिहायला, कायद्याचे कलम समजून घ्यायला आपल्या पोरी त्याचा उपयोग करतात, करू द्या. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे यंत्र शिकले आहे ते आजवर लिहिल्या गेलेल्या मजकुरातून. आणि आजवर लिहिले कुणी? मुक्ता साळवेचा एक निबंध आहे. तिच्या काळच्या न लिहिलेल्या हजारो मुक्तांचे काय? म्हणून त्याचे उत्तर वाचताना विचारायचे, यात मी कुठे आहे? दुसरी गोष्ट, सोनोग्राफीने शिकवलेली. ज्या घरात 'मुलगी ऐकत नाही, काय करावे?' एवढाच प्रश्न सुचतो, त्या घराला यंत्र फार तर त्याच प्रश्नाचे चांगल्या भाषेतले उत्तर देईल. 'तिने ऐकावेच का?' हे कुणीतरी माणसाने आधी विचारावे लागते.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. गावात, वस्तीत, महिन्यातून एकदा दहा-बाराजणींनी बसावे. बचत गटाच्या हिशेबाला जोडून नको. हिशेब सगळा वेळ खातो. त्या दिवशी ठराव करायचा नाही, अर्ज लिहायचा नाही. एकीने एक प्रश्न आणायचा, स्वतःच्या जगण्यातला. बाकीच्यांनी लगेच सल्ला द्यायचा नाही; आधी तो प्रश्न नीट मांडायला तिला मदत करायची. लिहिता येणारीने सगळ्यांचे प्रश्न वहीत उतरवायचे, बोलणारीच्या शब्दांत. सुना आणि सासवा, दोघींना जागा हवी. कुठल्या जातीच्या घरी बसायचे हे आळीपाळीने ठरवा. तो प्रश्न पहिल्याच महिन्यात पुढे येईल, आणि तो टाळू नका. वर्षाने ती वही महिला ग्रामसभेत वाचा.

'यातून काय निघणार?' असे घरचे विचारतील. त्यांना सांगा, आम्ही प्रश्नपत्रिका काढायला शिकतो आहोत. आता माझे बोलणे थांबवते. जेवणाच्या सुट्टीला अजून अर्धा तास आहे. तेव्हा मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.