पाळीतली कळ: शेक, सुंठ आणि भाकरी

निमगाव साव्याच्या आणि जुन्नर, आंबेगावच्या मैत्रिणींनो, वाकून कांदा लावताना ओटीपोटात कळ आली, की आपण दातओठ खाऊन सोसतो. सोसू नका. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, स्नायू आवळतात आणि कळ येते. शेकानं ते सैलावतात. रबरी पिशवी नसली, तर तव्यावर गरम केलेली जाड फडक्याची घडी चालते. आधी हाताला लावून बघा. पाव चमचा सुंठ गुळासह गरम पाण्यात घ्या. सुंठीनं दुखणं कमी होतं, हे अभ्यासांतही दिसलंय.

बाजरीची भाकरी, मेथी, अळीव यांनी कळ थांबत नाही, पण त्यांतल्या लोहामुळे गेलेल्या रक्ताची भरपाई व्हायला मदत होते. वर लिंबू पिळा; जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह अंगी लागू देत नाही.

दर महिन्याला दुखणं वाढतंय, रक्ताच्या गाठी पडतायत? गावातल्या आशा सेविकेला सांगा, डॉक्टरांना दाखवा. गर्भपिशवी काढायची घाई मुळीच नको. बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांची 2019मध्ये सरकारला चौकशी करावी लागली होती. कुणी ऑपरेशन सुचवलंच, तर आधी सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्या.