मनुष्य घडतो कसा?
(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल दिनीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, याबद्दल आम्ही व्यवस्थापक मंडळींचे ऋणी आहों. अशा प्रसंगीं पूर्वजांचे गुण गावे आणि देवळाच्या इमारतीचा इतिहास सांगावा, अशी रीत आहे. तें कार्य आमच्याहून अधिकारी मंडळी करतीलच. आम्ही एका निराळ्या इमारतीविषयीं बोलणार आहों. ती इमारत म्हणजे मनुष्य. त्याला घडवितें कोण, आणि त्या घडणींत आपला हात किती, एवढाच आमचा विषय आहे.

तान्हें मूल जन्मास येतें तेव्हां त्यास ना नांव असतें, ना भाषा, ना लाज. नांव त्यास स्नानसंस्काराच्या वेळीं मिळतें. भाषा तें आईच्या मांडीवर शिकतें. आणि कशाचा अभिमान बाळगावा व कशाची लाज धरावी, हें त्यास शेजारीपाजारी शिकवितात. पुढें त्याच्या स्वतःच्या वाट्यास सुखदुःखाचे जे प्रसंग येतात, त्यांनीं ही शिकवण पक्की होते किंवा मोडते. आपण ज्याला 'माझा स्वभाव' म्हणतों, त्याचा फार मोठा भाग असा दुसऱ्यांच्या हातून आलेला असतो.

आपल्या समाजाकडेच पाहा. सन १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या अमलांत आपल्या पूर्वजांस ख्रिस्ती धर्म व पोर्तुगीज आडनांवें मिळालीं. सन १७३९ त चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली. राज्य गेलें, पण धर्म राहिला आणि आडनांवही राहिलें. घरांतील बोली मात्र वाडीचीच राहिली. सामवेदी ख्रिस्ती मनुष्य आपल्या ओटीवर जी बोली बोलतो, तीच त्याचा सामवेदी ब्राह्मण शेजारी बोलतो. पोर्तुगीज आडनांवाची आपली आजी तांबडें लुगडें नेसून केळीच्या वाडींत राबत असे, आणि यांत कांहीं विसंगत आहे असें तिच्या मनासही शिवलें नाहीं.

मुंबई-साष्टीकडील आपल्या बांधवांची कथा याहून बोधप्रद आहे. पोर्तुगीज सत्ता जाऊन पुष्कळ वर्षें लोटलीं, तरी त्यांस लोक 'पोर्तुगीज' म्हणत. गोवा व मंगळूर येथील धर्मबंधू नोकरीसाठीं मुंबईस येऊं लागले, त्यांचीही आडनांवें तींच. तेव्हां सरकारदरबारीं आपली ओळख निराळी राहावी म्हणून सन १८८७ त, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें, त्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. पोटाची गरज आणि परक्यांचा गैरसमज यांतून एका समाजाचें नांव ठरलें. आज त्याच नांवानें लोक आपलीं गाणीं, आपले दागिने आणि आपलें जेवण ओळखतात. एकदां घेतलेलें नांव मनुष्यास हळूहळू आपल्यासारखें करून घेतें, तें असें.

आतां एक गोष्ट आमच्या स्वतःच्या आयुष्यांतील सांगतों. ती सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. परंतु ती न सांगतां हा विषय मांडणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असूं. गांवाबाहेरच्या एका शाळेंत जाऊं लागलों होतों. एके दिवशीं धडा म्हणतांना घरांतला एक शब्द तोंडून गेला आणि सारा वर्ग हंसला. गुरुजीही हंसले. त्याच आठवड्यांत आई आमचा विसरलेला डबा घेऊन शाळेंत आली. अंगावर तांबडें लुगडें, पायांस वाडीचा चिखल. मुलांनीं एकमेकांस कोपरखळ्या मारल्या. संध्याकाळीं आम्ही आईला म्हणालों, "तूं पुन्हां शाळेंत येऊं नकोस." तिनें कारण विचारलें नाहीं. त्यानंतर काम पडलें कीं ती फाटकाबाहेर चिंचेखाली उभी राही आणि कोणा मुलाच्या हातीं निरोप धाडी. त्या दिवसापासून आम्ही घरींही पुस्तकी भाषा बोलूं लागलों. आम्हांस वाटे, आम्ही सुधारलों.

पुढें पुष्कळ वर्षांनीं धर्मशिक्षणाचा वर्ग घेण्याचें काम आमच्याकडे आलें. दूर मुलखांतून कामासाठीं आलेल्या एका मजुराचा मुलगा वर्गांत नवीन आला होता. त्यास प्रभूची प्रार्थना म्हणावयास सांगितली. ती त्यानें आपल्या उच्चारानें म्हटली. मुलें हंसलीं, आणि बंधुभगिनींनो, आम्हीही हंसलों. त्या मुलानें दाराकडे पाहिलें. दारांत त्याची आई उभी होती. ती एक पाऊल मागें सरली.

त्या क्षणीं आम्हांस चिंच आठवली. जें आमच्याशीं झालें होतें, तेंच आम्ही दुसऱ्याशीं केलें होतें. समाजानें आम्हांस घडविलें, अशी तक्रार आम्ही मनांत बाळगली होती. आणि त्या मुलापुरता समाज म्हणजे आम्हीच होतों.

येथें कोणी विचारील, मनुष्य जर असा दुसऱ्यांनींच घडविलेला, तर त्यास बोल कां लावावा? या शंकेचें उत्तर आपल्या वसईच्याच सुपुत्रानें आपल्या आयुष्यानें दिलें आहे. सांत गोन्सालो गार्सिया याचा जन्म वसईस झाला. पिता पोर्तुगीज व माता या भूमीची, असें चरित्रकार सांगतात. लहानपणीं तो येशूसंघीयांच्या हाताखालीं शिकला आणि पंधरा वर्षांच्या सुमारास त्यांच्याबरोबर जपानांत गेला. तेथील भाषा त्यानें उत्तम आत्मसात केली व कित्येक वर्षें धर्मोपदेशाचें काम केलें. संघांत प्रवेश मिळावा ही त्याची मोठी इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. तो व्यापारांत पडला व भरभराटीस आला. नकाराचें शल्य उरांत घेऊन तो धनिक म्हणून सुखानें राहूं शकला असता. परंतु मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघाचा एक साधा बंधू झाला आणि सन १५९३ त फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी म्हणून पुन्हां जपानांत गेला. ज्या वर्षांचा शेवट निराशेंत झाला होता, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आतां कामास आली. सन १५९७ च्या ५ फेब्रुवारीस नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यानें क्रुसावर प्राण दिला. सन १८६२ त पोप नववे पायस यांनीं त्यास संतपद दिलें.

अनुभव कोणता यावा, हें गोन्सालोच्या हातीं नव्हतें. त्या अनुभवाचें काय करावें, हें मात्र त्याच्या हातीं होतें. तेवढी जागा परमेश्वरानें प्रत्येकास ठेविली आहे.

आणि घडविलेला मनुष्य उलट समाजासही घडवितो. सन २०२० च्या जानेवारींत उस्मानाबाद येथें भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षें संपादक होते. सन २०२४ त ते देवाघरीं गेले. ख्रिस्ती मनुष्याची मराठी म्हणजे परक्याची मराठी, असें मानणाऱ्यांस यापरतें उत्तर कोणतें?

म्हणून या महोत्सवीं आमची एवढीच विनंती आहे. देवळास रंग लागला, घंटा उजळली, हें उत्तम झालें. परंतु पुढल्या रविवारीं आपल्या बाकावर नवीन बिऱ्हाडकरू येऊन बसेल, पाड्यावरची आदिवासी भगिनी येईल, आपल्याच घरांतील नातवंड आजीच्या बोलींत कांहीं बोलेल. त्या वेळीं आपल्या चेहऱ्यावर काय उमटतें, याकडे प्रत्येकानें लक्ष द्यावें. त्यावरून एखादें लेंकरूं आपण कोण हें ठरवील, आणि तें आयुष्यभर पुसलें जाणार नाहीं.

आमची आई आतां या जगांत नाहीं. तिला शाळेंत बोलाविण्याची संधी आम्हीं घालविली. त्या मजुराच्या मुलाच्या आईला मात्र दुसऱ्या रविवारीं आम्ही दारांतून आंत बोलावून पहिल्या बाकावर बसविलें. एवढें प्रायश्चित्त आमच्या हातून झालें.

दयाघन परमेश्वर आपणां सर्वांस एकमेकांस प्रेमानें घडविण्याची बुद्धि देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.