गाव सुटले, 'कर' सुटला नाही



गिरणीत नवा गडी आला की पहिला सवाल ठरलेला असे : "कुठला रं तू?" तो म्हणे, शेवगावचा. झाले! मस्टरावर काही का असेना, खानावळीत आणि चाळीत तो शेवगावकर. आज त्याच शेवगावात उभे राहून आम्ही या 'कर'विषयी चार शब्द बोलणार आहोत.

शेजारच्या कानडी मुलखात गावाचे नाव जसेच्या तसे आडनाव होते. धारवाडजवळच्या मन्सूरचे मल्लिकार्जुन मन्सूर, तशाच गंगूबाई हंगल. आपण मराठी माणसे त्याला 'कर' जोडतो. पैठणचा पैठणकर, साताऱ्याचा सातारकर. गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ, म्हणून मंगेशकर.

हा 'कर' कुणा एका जातीची मिरास नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्यावरून बाबासाहेबांचे घराणे आंबडवेकर. कोकणी मुसलमानांतही 'कर' आहेतच. एके काळी साच्याच्या खात्यात दलित बंधूंना उभे करीत नसत. पण गावाच्या नावावर त्यांचा हक्क इतरांइतकाच होता, तो कुणाला काढून घेता आला नाही.

मग हे नाव कुणाच्या मालकीचे? पाटी सरकारची असते. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नगरकर मात्र नगरकरच राहिले. बेळगाव १९५६ साली म्हैसूर राज्यात घातले, २०१४ साली पाटीवर बेळगावी आले. तरी बेळगावकर हे आडनाव कुणाला पुसता आले नाही. इंग्रजी कागदावरचे 'बॉम्बे' जायला १९९५ साल उजाडले. कामगाराच्या तोंडी मुंबई त्याआधीपासूनच होती!

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर चढले. खाते गेले, बिल्ला गेला. गावाकडची जमीनही कित्येकांची भावकीत वाटून गुंठ्यांवर आली. उरले ते नाव. त्याचा लिलाव होत नाही.

पण बंधूंनो, नुसते आडनाव मिरवून गाव राहत नाही. पोरगा शेवगावकर म्हणवतो आणि शेवगावची वाट त्याला ठाऊक नाही, मग तो 'कर' पोकळच की! पोरांना एकदा तरी गावी आणा. शीव दाखवा, वाडवडिलांचे घर दाखवा, ते पडले असले तरी दाखवा.

नाव सांगाल तिथे गाव सांगा. आणि गाव सांगाल ते मराठीत सांगा!