न दुखणारे दुखणे

दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपण म्हणतो. हृदयविकाराचा झटका येतो तो हत्तीसारखाच; पण त्याची तयारी मुंगीच्या पावलांनी वर्षानुवर्षे चाललेली असते.

हे उमगले कसे? अमेरिकेत बोस्टनजवळ फ्रेमिंगहॅम नावाचे गाव आहे. १९४८ साली तेथील ३० ते ६२ वर्षांच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांना संशोधकांनी दर दोन वर्षांनी तपासण्याचे ठरवले. आजारी पडल्यावर नव्हे बरं का, चांगले हिंडतेफिरते असताना! वय वाढले की रक्तदाब वाढायचाच, त्यात काय, असे तेव्हा पुष्कळ डॉक्टरही म्हणत. पण १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दाखवून दिले की, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल ही येणाऱ्या हृदयविकाराची आगाऊ वर्दी असते. पुढे धूम्रपान आणि मधुमेह यांचीही नावे त्या यादीत पक्की झाली.

श्रोतेहो, रक्तदाब बहुधा दुखत नाही. म्हणूनच तो मोजावा लागतो. त्यातून उद्भवणारा अर्धांगवायूही पुष्कळदा दुखत नाही. म्हणून तर माणसे ‘जरा पडतो, बरं वाटेल’ असे म्हणतात. तसे करू नका. तोंड वाकडे झाले, एका हातातले बळ गेले, बोलणे अडखळले, की घड्याळ पाहा आणि तडक इस्पितळ गाठा. मेंदूत रक्तस्राव नाही अशी खात्री करून गुठळी विरघळवण्याचे औषध देतात, ते सहसा पहिल्या साडेचार तासांतच. दुखेपर्यंत थांबायचे, ही आपली जुनी सवय इथे उपयोगाची नाही.